ऑफ सीझनमध्ये स्टोरेज इथरनेटवर आणलं, त्याची हकिगत

११ फेब्रुवारी २०२३, शनिवार. रात्री पावणेबाराला रात्रपाळीच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, सर्व्हर रूममधून शिट्टीसारखा आवाज येतोय आणि वरच्या स्विचचे दिवे गेलेत." मी कारखान्याच्या कॉलनीतच राहते, पाच मिनिटांत पोचले. गाळप जोरात होतं, उसाच्या गाड्यांची रांग काट्यापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. सर्व्हरना स्टोरेजशी, म्हणजे सगळी माहिती ठेवणाऱ्या डिस्कच्या यंत्राशी, जोडणाऱ्या आमच्या दोन फायबर चॅनल स्विचपैकी एक मेला होता. सगळा भार दुसऱ्यावर गेला होता, काम थांबलं नव्हतं. तरी पहाटेपर्यंत मी त्या उरलेल्या स्विचच्या हिरव्या दिव्यांकडे बघत बसले, कारण आता तो गेला तर मागे काहीच नव्हतं.

मी मराठवाड्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळते. हाताखाली दोन मुलं आहेत. तीन सर्व्हर: दोनांवर व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात चालणारे अनेक आभासी संगणक), तिसऱ्यावर डेटाबेस. काट्यावरचं प्रत्येक वजन, शेतकी विभागाच्या ऊसनोंदी, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, डिस्टिलरी, पगार, सगळं एका स्टोरेजवर. ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, ही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली अट आहे. पंधरवड्याचं बिल निघायला दोन दिवस उशीर झाला की शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात माणसं येऊन बसतात. त्यांच्या तोंडाकडे बघून 'सर्व्हर डाऊन आहे' हे सांगणं फार जड जातं. म्हणून हे काम माझ्या जिवाला लागून राहिलं.

सोमवारी कंपनीकडे चौकशी केली. स्विचचं मॉडेल आणि स्टोरेज, दोन्हींचा सपोर्ट संपलेला. देखभाल करार वाढवायचा तर वर्षाला ४ लाख ८० हजार, आणि सुटे भाग मिळतील याची हमी नाही. मुंबईहून वापरलेला एक स्विच ३८ हजारांना आणून सीझन कसाबसा पार पाडला.

६ मार्चला एमडी साहेबांना टिपण दिलं. टिपणात चार पर्याय होते: आयस्कझी, एफसीओई, एनव्हीएमई ओव्हर टीसीपी आणि नवं फायबर चॅनल. ते लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण आधी मलाच नीट समजून घ्यायचं होतं. जे समजलं ते आमच्या भाषेत सांगते.

फायबर चॅनल आमच्या गाडीतळासारखं चालतं. तळावर जागा असेल तेवढेच नंबर द्यायचे; नंबर नाही तर गाडी फडातून निघतच नाही. पलीकडच्या पोर्टाकडे जागा आहे असा इशारा, ज्याला क्रेडिट म्हणतात, तो मिळाल्याशिवाय फ्रेम, म्हणजे माहितीचा गठ्ठा, सुटत नाही. त्यामुळे वाटेत जागा नाही म्हणून काही टाकून द्यायची वेळ येत नाही. साधं इथरनेट, म्हणजे ऑफिसातलं नेहमीचं नेटवर्क, तसं नाही. तिथं गाड्या निघतात, आणि स्विचच्या पोटात जागा नसेल तर फ्रेम सरळ टाकून दिली जाते. वेबसाइट उघडताना हे कळतही नाही. पण डिस्कला 'हे लिहून ठेव' सांगितलं आणि ते वाटेत हरवलं, तर सर्व्हर तिथंच खोळंबतो. स्टोरेज इथरनेटवर चालवायचे जे जे मार्ग निघाले, ते या एकाच अडचणीवरचे वेगवेगळे तोडगे आहेत.

आयस्कझीचा तोडगा सगळ्यात साधा. डिस्कला द्यायच्या जुन्या स्कझी आज्ञा घ्यायच्या आणि टीसीपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या वाहतूक-पद्धतीवर, पाठवायच्या. हरवलेलं पुन्हा पाठवणं, क्रम लावणं ही टीसीपीची रोजचीच कामं. २००४ साली याचं मानक निघालं, पोर्ट ३२६०. मागणारा सर्व्हर तो इनिशिएटर, देणारं स्टोरेज ते टार्गेट, आणि त्यावरचा डिस्कचा एकेक तुकडा म्हणजे लन. खाली साधी आयपी असल्यामुळे नेहमीचे स्विच चालतात आणि नेहमीची नेटवर्कची अक्कल कामाला येते.

एफसीओईचा (फायबर चॅनल ओव्हर इथरनेट) तोडगा उलट्या बाजूचा. ते फायबर चॅनलची फ्रेम उचलून जशीच्या तशी इथरनेट फ्रेममध्ये घालतं. मध्ये टीसीपी नाही, आयपीही नाही. मग हरवलेलं परत कोण पाठवणार? कोणीच नाही, म्हणून खालचं इथरनेटच असं करावं लागतं की काही हरवणार नाही. त्यासाठी प्रत्येक वर्गाच्या वाहतुकीला वेगळा 'थांब' सांगणारे खास स्विच लागतात, आणि फायबर चॅनलची मोठी फ्रेम मावावी म्हणून साधारण अडीच हजार बाइटची फ्रेम चालावी लागते. २००९ मध्ये याचं मानक आलं तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. पण मोठ्या शहरापासून इतक्या लांब तसे स्विच दुरुस्त करणारा माणूस कुठून आणायचा? तो पर्याय मी खोडला.

एनव्हीएमई ओव्हर टीसीपी मनात भरलं होतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मान्य झालेलं, फ्लॅश डिस्कसाठी घडवलेलं, नेहमीच्या नेटवर्कवर चालणारं, जुन्या स्कझीचं ओझं नसलेलं. पण लिनक्स कर्नलमध्ये ते ५.० पासून, म्हणजे २०१९ ला आलं, आणि आमच्या डेटाबेस सर्व्हरवरची लिनक्स त्याहून जुनी. ती बदलायची तर डेटाबेसची आवृत्ती बदलायची, मग ईआरपीवाले, म्हणजे कारखान्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर देणारे, हात वर करणार. चौथा पर्याय नवं फायबर चॅनल. उत्तम, पण महाग, आणि पुन्हा फक्त मलाच कळणारी एक वेगळी यंत्रणा. उद्या मी रजेवर असले तर माझ्या मुलांना सांभाळता यावं, हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं. आयस्कझी ठरलं, दहा गिगाबिटवर.

कागदपत्रांचं सांगते, कारण निम्मा वेळ त्यातच गेला. २० एप्रिलला संचालक मंडळाची मंजुरी. १२ मे रोजी ई-निविदा, मुदत २१ दिवस. २ जूनला उघडली तर दोनच निविदा. नियमाने तीन हव्यात, म्हणून मुदतवाढ. १९ जूनला चार आल्या. तांत्रिक अटी लिहिताना मी फक्त '१० जी स्विच' असं लिहिलं नव्हतं. ९००० बाइटची फ्रेम, प्रत्येक पोर्टावर किती फ्रेम टाकल्या गेल्या याची मोजणी दिसणं, आणि दोन वीजपुरवठे, या तीन ओळी आवर्जून घातल्या होत्या. त्यामुळे एक फारच स्वस्त निविदा तांत्रिक छाननीतच गळाली. तुम्ही निविदा काढणार असाल तर या ओळी घालाच. नंतर तुलनात्मक तक्त्यात फक्त किंमत बोलते.

दर असे आले: स्टोरेज १४ लाख ६० हजार, दोन स्विच प्रत्येकी २ लाख ३५ हजार, सर्व्हरमध्ये बसवायची सहा कार्डं प्रत्येकी साडेसोळा हजार, तीन मीटरच्या बारा तांब्याच्या डीएसी (थेट जोडायच्या) केबल प्रत्येकी २,२००. सगळं एकाच रॅकमध्ये होतं, म्हणून फायबर आणि लेसर मॉड्यूल घेतलेच नाहीत. तिथं चांगले पैसे वाचले. दहा केबल लागणार होत्या, दोन जास्तीच्या. १८ टक्के जीएसटी धरून सव्वाचोवीस लाख. ७ जुलैला खरेदी आदेश.

९ ऑगस्टला माल स्टोअरला आला, पण अधिक महिना चालू होता. स्टोअरचे काका म्हणाले, "ताई, एवढं महागाचं यंत्र, निज श्रावण लागल्यावर खोलू की." मी हट्ट केला नाही. त्या आठ दिवसांत मी आणि मुलांनी कागदावर नकाशा काढला: कोणत्या सर्व्हरचं कोणतं पोर्ट, कोणत्या स्विचवर, कोणता पत्ता. १७ ऑगस्टला नारळ फोडून खोकी उघडली. तो कागद पुढे इतका उपयोगी पडला की आता तो लॅमिनेट करून रॅकच्या दारावर लावलाय.

मांडणी साधी ठेवली. अ स्विच आणि ब स्विच. दोघांमध्ये एकही केबल नाही आणि ऑफिसच्या नेटवर्कशी काही संबंध नाही. अ ला १९२.१६८.५१ चे पत्ते, ब ला १९२.१६८.५२ चे. प्रत्येक सर्व्हरची एक केबल इकडे, एक तिकडे, स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरचंही तसंच. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, दोन्ही पोर्ट जोडून एकच करून टाकू. मी नको म्हटलं. तसं जोडलं तरी एक टीसीपी जोडणी एकाच तारेवरून जाते, वेग दुप्पट होत नाही. आणि कोणती वाट चालू, कोणती बंद हे डिस्कच्या पातळीवर कळावं लागतं. ते काम मल्टीपाथचं, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामचं. सर्व्हरकडे जाणारे पोर्ट स्विचवर 'एज' म्हणून लावले, नाहीतर स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचा फेरा झालाय का हे बघणारी स्विचची तपासणी) प्रत्येक वेळी तीस सेकंद थांबवून ठेवते. चॅपचा, म्हणजे सर्व्हरची स्टोरेजला ओळख पटवायचा, पासवर्ड लावला. तो बारा ते सोळा अक्षरांचाच ठेवा, काही इनिशिएटर त्याहून कमी-जास्त घेत नाहीत.

मग जम्बो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी फ्रेम. साधी इथरनेट फ्रेम १५०० बाइटची. ६४ केबीचा एक तुकडा पाठवायला ४५ फ्रेम लागतात. ९००० केलं की आठच. सर्व्हर, दोन्ही स्विच, स्टोरेज, सगळीकडे सेटिंग केलं. २३ ऑगस्टला संध्याकाळी चाचणी झाली, सेकंदाला हजार एमबीच्या वर वाचन. मुलांनी भेळ मागवली.

२४ च्या रात्री पाऊस आणि वीज गेली. नवी यंत्रं अजून मोठ्या यूपीएसवर घेतलेली नव्हती. सकाळी सगळं आपोआप चालू झालं. लन दिसत होते, लॉगिन होत होतं, मल्टीपाथ दोन्ही वाटा ठणठणीत दाखवत होता. पण चाळीस जीबीची फाइल कॉपी करायला टाकली की दोन सेकंद पळायची आणि थांबायची. दहा-बारा सेकंदांनी पुन्हा थोडी पळायची, पुन्हा थांबायची. लहान फाइल टाकली तर एका झटक्यात जायची.

पाच दिवस यात गेले. केबल बदलल्या, कार्डं बदलली, स्टोरेजच्या सपोर्टला लॉग पाठवले. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं नीट. माझी झोप उडाली होती. मंडळासमोर मी शब्द दिला होता आणि ऑक्टोबर जवळ येत होता. लॉगमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची: ब वाटेवरची जोडणी पाच सेकंदांत उत्तर नाही म्हणून तुटली, पुन्हा जोडली, तुटली, जोडली.

२९ तारखेला दुपारी मी सगळं सोडून पिंगवर, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का हे बघायच्या साध्या हाकेवर, आले. साधा पिंग दोन्ही वाटांनी जात होता. मग 'वाटेत तुकडे करू नको' हा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग सोडला. ९००० मधून वरच्या वेष्टनांचे, म्हणजे आयपीचे २० आणि पिंगच्या आयसीएमपीचे ८, वजा केले की ८९७२ उरतात. अ वाटेनं उत्तर आलं. ब वाटेनं काहीच नाही. ना चूक, ना निरोप. आकडा कमी करत गेले. १४७२ ला उत्तर आलं. म्हणजे ब स्विच १५०० वर होता.

मी ब स्विचवर सेटिंग केलं होतं, पण सेव्ह केलं नव्हतं. वीज गेली, स्विच पुन्हा उठला तो जुन्या सेटिंगवर. दोन्ही टोकांनी आपसात ठरवलं होतं की मोठ्या फ्रेम पाठवायच्या, आणि मधला स्विच त्या गुपचूप टाकून देत होता. लॉगिनचे निरोप लहान, ते जायचे. वाट जिवंत आहे का हे बघायला मल्टीपाथ जी तपासणी करतो तीही लहान, तीही जायची. म्हणून तो म्हणत राहिला की वाट चांगली आहे, आणि अर्धी वाहतूक तिकडे ढकलत राहिला. खरी माहिती निघाली की अडकलीच. सेव्ह केलं, पुन्हा चालू करून बघितलं, आणि चाळीस जीबी एका दमात गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून आमचा नियम: कोणताही बदल केला की दोन्ही वाटांवर ८९७२ चा पिंग, आणि स्विच एकदा बंद करून चालू केल्याशिवाय सेटिंग झालं असं म्हणायचं नाही.

८ सप्टेंबरला केबल ओढायची चाचणी. डेटाबेस सर्व्हरवर सतत लिहिणारा एक प्रोग्राम लावला, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि सहकाऱ्याला म्हटलं, "ओढ रे अ ची केबल." लिहिणं थांबलं. दहा सेकंद, तीस सेकंद, एक मिनिट. तो केबल हातात धरून माझ्याकडे बघत होता. "परत लावू का, मॅडम?" "थांब." दोन मिनिटं अकरा सेकंदांनी काम दुसऱ्या वाटेवर गेलं. शोधल्यावर कळलं की तुटलेली जोडणी परत येईल म्हणून इनिशिएटर १२० सेकंद वाट बघतो, तोवर मल्टीपाथला काही सांगतच नाही. एकच वाट असेल तर हे थांबणं शहाणपणाचं आहे. दोन वाटा असतील तर नाही. आमच्या जुन्या लिनक्सवर तो आकडा तसाच राहिला होता. तो ५ केला. पुन्हा केबल ओढली, सोळा सेकंदांत काम पुढे सुरू. नंतर ब ची ओढली, मग एकेक कंट्रोलर बंद केला, मग एकेक स्विच. प्रत्येक चाचणी वहीत तारीख-वेळ घालून लिहिली आणि एमडी साहेबांची सही घेतली. या सह्यांमुळे पुढची परवानगी एका दिवसात मिळाली.

खरा बदल ३० सप्टेंबर, शनिवारपासून. रविवार आणि २ ऑक्टोबरची गांधी जयंती धरून तीन दिवस मिळत होते. आधी शुक्रवारी पूर्ण बॅकअप घेतला आणि त्यातला एक डेटाबेस वेगळ्या मशीनवर उघडून बघितला. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क चालू अवस्थेतच नव्या स्टोरेजवर गेल्या. डेटाबेसचे व्हॉल्यूम एलव्हीएमवर (अनेक डिस्क एका गटात बांधणारी लिनक्सची सोय) होते, त्यामुळे नवे लन त्याच गटात घेऊन त्यातल्या पीव्हीमूव्ह या आज्ञेनं माहिती सरकवली. एकूण सहा टीबी. जुनं स्टोरेज सेकंदाला साडेतीनशे एमबीच द्यायचं, म्हणजे पावणेपाच तासांचा हिशोब होता. प्रत्यक्षात सात लागले. कॅन्टीनवाल्यांनी न सांगता रात्री पिठलं-भाकरी आणून दिली, ती आम्ही जमिनीवर बसून खाल्ली.

रविवारी सर्व्हर पुन्हा चालू करायची चाचणी घेतली आणि डेटाबेस सर्व्हर उठेना. डिस्क जोडायची यादी तो नेटवर्क सुरू व्हायच्या आधीच वाचत होता. फायबर चॅनलच्या डिस्कला हे चालायचं, आयस्कझीची डिस्क नेटवर्क आल्याशिवाय अस्तित्वातच नसते. त्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, '_netdev' (नेटवर्कवरची डिस्क) हा पर्याय घातला, दोनदा बंद-चालू केला, दोन्ही वेळा नीट उठला. हे सीझनमध्ये वीज गेल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं त्या दिवशी मी तिन्ही सर्व्हर आणखी एकेकदा बंद करून उठवले.

दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर पेटला, १ नोव्हेंबरला गाळप सुरू झालं. पाऊस कमी होता, ऊसही कमी. पहिल्या पंधरवड्याचं बिल १६ नोव्हेंबरला, दिवाळी नुकतीच झालेली. चीफ अकाउंटंट साहेब माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. पूर्वी हे काम साडेतीन तास चालायचं. पन्नास मिनिटांत संपलं. त्यातलं बरंच श्रेय नव्या स्टोरेजमधल्या फ्लॅश डिस्कचं, नेटवर्कचं नाही, हे मी त्यांना सांगितलं. मी मात्र पूर्ण वेळ स्विचवरचा टाकलेल्या फ्रेमचा आकडा बघत होते. शेवटपर्यंत शून्य.

डिसेंबरमध्ये एकदा सर्व्हर रूममध्ये गेले तर ब स्विचला एक निळी केबल लोंबत होती. कॅमेरे बसवणारा मुलगा रेकॉर्डरला मोकळं पोर्ट शोधत होता, त्याला ते दिसलं. रिकामी पोर्टं आम्ही ऑगस्टमध्येच बंद करून ठेवली होती, त्यामुळे दिवा लागला नव्हता. "ताई, हे पोर्ट खराब आहे वाटतं," तो म्हणाला. मी त्याला ऑफिसच्या नेटवर्कचा स्विच दाखवला, केबल तिकडे लावून दिली, आणि संध्याकाळी दोन्ही स्टोरेज स्विचवर लाल पट्टी चिकटवली: 'इथं उसाचं बिल आहे. विचारल्याशिवाय हात लावू नये.'